शिवणाच्या बाईंची गाणी

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना गाणं शिकवायला कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांची नेमणूक मुलींना काज-बटण आणि हातशिलाई शिकवण्यासाठी झाली होती, आणि ते काम त्या चोख करत. पण शाळा सुटली, मुली पांगल्या, की बाई कपाटाला कुलूप घालत, पदर खोचत आणि आवाज असलेली जी कुणी समोर सापडेल तिला धरून बसवत. धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात सापडले. दुसरीच्या वर्गाला मी कविता चालीवर म्हणून दाखवत होते. दार ढकलून बाई आत आल्या, पोरींकडे बघितलंसुद्धा नाही, मला म्हणाल्या, "हे आलं. आता दुसरं म्हण."

"दुसरं कसलं?"

"ह्याच्यासारखं नसलेलं."

बाईंचा स्वभाव गोड होता असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. उंच, हाडकुळी बाई, चष्म्याची एक काडी शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेली, आणि सकाळपासून कुणावर तरी चिडलेली. गाणारीला न विचारता आपल्या सोयीची पट्टी धरणाऱ्या पेटीवाल्यांवर त्यांचा राग. "पाहुण्यांपुढे म्हणायला एक गाणं बसवून द्या" म्हणणाऱ्या आयांवर राग. गाताना डोळे मिटून घेणाऱ्या मुलींवर तर फारच राग. "डोळे मिटून काय बघतेस? समोर माणसं बसलीत, त्यांच्याकडे बघ!" पण ह्या सगळ्या रागांच्या वरचा एक राग होता, आणि तो नाटक कंपन्यांच्या मालकांवर होता.

त्याला कारण होतं. बाईंचे वडील एका नाटक कंपनीत कपडेपटावर शिंपी होते. आई लवकर गेली, म्हणून ही एकुलती मुलगी वडिलांबरोबर गावोगाव हिंडली आणि कपड्यांच्या पेटाऱ्यांमागे बसून वाढली. तिथे ती सुई धरायला शिकली आणि तिथूनच गाणं ऐकवायला येणारी माणसं बघायला शिकली. कुणी भडगावाहून यायचा, कुणी चाळीसगावाहून. आयुष्यभर घासलेलं एकच पद घेऊन यायचा. मालक पान लावत ऐकायचा आणि विडा तोंडात गेला की विचारायचा, "हे झालं, आता काही हलकंफुलकं?" उमेदवार गप्प. "बरं, एखादं रागाचं?" उमेदवार गप्प. संपलं. तो माणूस घाम पुसत बाहेर पडायचा आणि मागे सगळे हसायचे. बाई सांगायच्या, "ते हसणं मी लहानपणी इतकं ऐकलंय ना, की त्याची चालसुद्धा म्हणून दाखवीन."

चाल त्यांना खरोखर म्हणून दाखवता आली नसती. बाईंचा स्वतःचा आवाज घोगरा होता, दोन स्वरांपलीकडे जायचा नाही. गाणं त्या रागावून शिकवत. आपण म्हणायचं, त्यांनी "नाही" म्हणायचं, पुन्हा म्हणायचं, पुन्हा "नाही". मग एखाद्या दिवशी त्या काहीच बोलत नसत, आणि तेव्हा समजायचं की जमलं.

मालकासमोर जाणाऱ्या गाणारीजवळ काय काय हवं, ह्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. एक पद असं, की ज्यात आवाजाची सगळी उंची दिसते. एक असं, की ज्यात उंची नाहीच, फक्त बोलल्यासारखं म्हणायचं आणि ऐकणाऱ्याला शब्द न शब्द कळायला हवा. एक हसवणारं, एक भांडणाचं. देवाचं एक, पण रडकं नको. एक हिंदी, कारण मालकांना आपण मुंबईचे वाटतो. एक अहिराणी, कारण ते कितीही मुंबईचे वाटले तरी प्रेक्षक इथला आहे. घसा बसला असेल त्या दिवशी म्हणायचं एक. आणि प्रत्येक गाणं मधूनच, कुठल्याही ओळीपासून उचलता आलं पाहिजे. मी एकदा म्हटलं, "बाई, एवढं कशाला? एक उत्तम आलं तर पुरे नाही का?"

"तू वर्षभर एकच लुगडं नेसतेस का?"

"नाही."

"मग गळ्याला काय एकाच पदावर ठेवतेस, भिकारणीसारखं?"

ही गाणी त्या कुठून आणत, ते बघण्यासारखं होतं. जवळच्या डोंगराकडून मोळ्या विकायला येणाऱ्या बायका आमच्या शाळेवरून जात. त्यातली एखादी चालता चालता गुणगुणत असली की बाई वर्ग सोडून रस्त्यावर. "थांब माय, ते गानं परत म्हण." ती बिचारी घाबरायची, तिला वाटायचं, काही चुकलं. बाई तिला शाळेच्या पायरीवर बसवत, पाणी देत, आणि गाणं पाठ होईपर्यंत उठू देत नसत. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? त्यावर उत्तर मिळालं, "मुली हेम घालताहेत. त्यांना हेम घालायला माझं तोंड लागत नाही." मोठ्या बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, पण शिवणाच्या बाईंपुढे त्याही फार वेळ उभ्या राहत नसत.

असं वर्ष-दीड वर्ष मी त्यांच्या हाताखाली काढली आणि मग धुळ्यात एक कंपनी मुक्कामाला आली. बोलपटांनी तोवर कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. तरी ही एक अजून तग धरून होती. त्यांची गाणारी नटी लग्न होऊन गेली होती, आणि मालक गाणाऱ्या मुलीच्या शोधात आहे अशी गावात बातमी होती. बाई माझ्या खोलीवर आल्या. "उद्या भडगावला जायचं. तुझ्या वडिलांना विचारायला."

मी म्हटलं, वडील मारतील. बाई म्हणाल्या, "मला कशाला मारतील?"

माझे वडील, आबा, कापसाचे शेतकरी. तापट, पण दारात आलेल्या माणसाचा अपमान करणारे नव्हेत. बाई ओसरीवर बसल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा बाजूला सारला. आधी होकार, मग पाणी. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "बाई, पोर नाटकमा जाई तर लोके काय म्हनतीन?"

चिडल्या की बाई अहिराणीवर येत. "लोके काय म्हनतीन ते माले सांगू नका, आबा. पोर काय म्हनस ते आयका." आणि माझ्याकडे वळून, "म्हण गं."

आबांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी गायले. आधी देवाचं, मग भांडणाचं, मग ते मोळीवालीचं. शेजारच्या बायका ओट्याशी जमल्या. आबा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. मग अडकित्ता खाली ठेवून एवढंच म्हणाले, "सुटीपुरतं." बाईंनी तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

परीक्षा कंपनीच्या बिऱ्हाडी झाली. मालक गादीवर लोडाला टेकलेले, शेजारी पानाचं तबक, एका बाजूला पेटीवाला. माझ्याकडे न बघता मालक म्हणाले, "हं, म्हणा." मी म्हटलं. विडा तोंडात गेला. "आता काही हलकंफुलकं?" मी म्हटलं. "रागाचं?" म्हटलं. मालक लोड सोडून सरळ बसले. पेटीवाल्यानं पट्टी चढवली, मी चढले. त्यानं उतरवली, मी उतरले. स्वयंपाकघरातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. तबकातलं दुसरं पान तसंच राहिलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. मला वाटलं, जमलं.

मग मालकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. बाजारात बैल बघतात तसं. आणि पेटीवाल्याला म्हणाले, "आवाज घेऊ. रंग नाही चालायचा. राजकन्येची भूमिका आहे."

मी सावळी नाही, काळी आहे. उन्हात कापूस वेचलेली काळी. ते मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या गाण्याशी संबंध आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मालकांनी तोडगा काढला. त्यांच्याकडे कुंदा नावाची मुलगी होती, केतकीसारखी गोरी. ती राजकन्या होणार. गाण्याच्या वेळी ती ओठ हलवणार आणि मी विंगेत माइकपुढे बसून गाणार. "बोलपटात चालतंच की असं," मालक म्हणाले.

बाईंनी भिंत सोडली. "जाहिरातीत नाव कुणाचं?"

"कुंदाचं. पडद्यामागच्यांची नावं कोण छापतं?"

"गोरे साहेब देश सोडून गेले म्हणतात," बाई म्हणाल्या, "तुम्हाला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं."

मालक हसले. मला अजूनही त्या हसण्याचा संताप येतो. चिडलेल्या बाईकडे बघून पुरुष हसतात, ते हसणं.

बाहेर आल्यावर मी बाईंना सांगितलं की मला जायचंय. नाव नको, चेहरा नको, पण खऱ्या ऑर्गनच्या साथीनं, भरलेल्या नाट्यगृहात मला गायचं होतं. मला वाटलं, त्या माझ्यावर कडाडतील. त्या म्हणाल्या, "जा. गाणं तुझं काम. भांडण माझं."

धुळ्याचे खेळ झाले आणि सुटी लागल्यावर कंपनी जळगावला गेली. मीही गेले. जळगावचा मे महिना. मी रंगवलेल्या बागेच्या पडद्याआड एका स्टुलावर बसायचे, मानेवर ओलं फडकं, समोर माइक. पलीकडे उजेडात कुंदा. टाळ्या पडल्या की ती वाकून नमस्कार करायची, आणि आत आली की माझ्याकडे बघायचं टाळायची. पण मुलगी वाईट नव्हती. मी श्वास कुठे घेते ते तिनं पाठ केलं होतं, म्हणजे ओठ चुकू नयेत. एकदा मला म्हणाली, "ताई, मला एवढी लाज वाटते की रात्री जेवण जात नाही." मी तिच्यापुढे माझी भाकरी सरकवली.

एका रविवारी खेळ लवकर होता, उन्हं उतरता उतरता. पडद्याच्या फटीतून मी बघते तो पहिल्या रांगेत बाई. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून जळगाव असा प्रवास करून आलेल्या. पहिलं पद सुरू झालं. दुसऱ्या ओळीला बाई उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी ती माझ्या विंगेच्या दिशेला वळवली आणि रंगमंचाकडे खांदा करून बसल्या. गाणं चालूच होतं. कंपनीचा व्यवस्थापक वाकत वाकत त्यांच्यापाशी आला.

"बाई, खुर्ची सरळ करा."

"मी गाणं ऐकायला आले. गाणं तिकडून येतंय."

हे त्यांनी शाळेच्या आवाजात म्हटलं. चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि तिथून पुढे ते आपोआप गेलं. लोक हसले. माना विंगेकडे वळल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "गाणारी कोन शे? तिले पुढे आना!" ऑर्गन थांबला. मालक स्वतः रंगमंचावर आले, हात जोडून म्हणाले, "मायबाप, गैरसमज नको. आवाज आमच्या कुंदाबाईंचाच आहे."

ह्या धडधडीत खोटेपणानं माझे कान तापले. पण बाई मालकाला सोडणार नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या. "मग त्यांना सांगा, माइक बंद करा आणि एक ओळ म्हणा."

"म्हणा! म्हणा!" सगळं नाट्यगृह.

कुंदा उजेडात उभी होती. तिनं तोंड उघडलं. चिमणीएवढा आवाज निघाला आणि पहिल्याच शब्दावर तिला रडू कोसळलं. लोक पुन्हा हसले. शिट्ट्या आल्या. एकानं टोपी उडवली. तिला हसले ते. जो खोटं बोलला तो मालक बाजूला उभा होता, त्याला कुणी हसलं नाही.

मी स्टुलावरून उठले आणि बागेचा पडदा बाजूला करून बाहेर आले. असा उजेड मी आयुष्यात अंगावर घेतला नव्हता. कुंदाचा हात धरला. पद जिथे तुटलं होतं त्या ओळीपासून मी उचललं. मालकानं ऑर्गनवाल्याला हातानं खूण केली, वाजवू नको. नाही वाजवलं. मी पद पुरं केलं. लोक आधी गप्प झाले, मग टाळ्या पिटल्या, मग "वन्स मोअर" सुरू झाला. मला त्या टाळ्यांचा राग आला. आत्ता ह्याच हातांनी टोपी उडवली होती.

त्याच दिवशी मालकानं मला काढलं. कुंदालाही काढलं. बोऱ्या-बिस्तरा घेऊन आम्ही दोघी स्टेशनवर आलो तर बाई आधीच बाकावर बसलेल्या, चेहऱ्यावर विजय. म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलास."

आणि मी फुटले. बाईंशी त्याआधी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "श्वास सोडा! तुम्ही काय केलंत ते कळतंय का? हिचा काय गुन्हा होता? गोरी जन्मली हा? तुमच्या लहानपणी जे हसायचे ना, तसे आज सगळे हिला हसले. आणि ते हसू तुम्ही आणलंत!"

फलाटावरची माणसं बघायला लागली. कुंदा मला "ताई, ताई" करत होती. बाईंनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. गाडी आली, आम्ही चढलो. चाळीसगावला उतरताना त्या कुंदाला म्हणाल्या, "तुझं घर कुठे?"

"घर नाही," कुंदा म्हणाली. "मामानं कंपनीत आणून सोडलं होतं."

"मग धुळ्याला चल. माझ्याकडे जागा आहे."

माफी मागितली नाही. बाई माफी मागत नसत. पण त्या दिवसापासून कुंदा त्यांच्या घरी राहिली आणि बाईंनी तिच्या चिमणीच्या आवाजाला गाणी शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, ह्या आवाजातून काही निघणार नाही. मला त्यांनी वर्गाबाहेर काढल्यासारखं बाहेर काढलं. "लहान आवाजाची गाणी नसतात असं तुला कुणी शिकवलं? मी तर नाही." त्यांनी तिला उंचीचं पद दिलंच नाही. बोलून म्हणायची गाणी दिली, खोडकर दिली, एक सासूची नक्कल करणारं दिलं, एक बाळाला निजवायचं. पाळण्याचं ते गाणं तर त्यांनी नरडाण्याच्या एका म्हातारीकडून आणलं, तिच्या दारात पुरी दुपार बसून. कुंदाचा आवाज मोठा झाला नाही. पण तो ऐकावा लागायचा, माणूस पुढे झुकायचा. आणि घरात तिच्या तोंडून हसणं ऐकू यायला लागलं.

माझं म्हणाल तर मी नंतरही दोन-तीन कंपन्यांपुढे गेले. गाणी तयार होती, गळा तयार होता. प्रत्येक ठिकाणी लोड सोडून लोक सरळ बसले आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच बघणं, वरपासून खालपर्यंत. एकानं तर मला पांढऱ्या पावडरीचा डबा दाखवला. तो मी त्याच्याच गादीवर उलटा केला आणि घरी आले. पुढे लग्न झालं, मुलं झाली, शाळेतल्या पोरींना गाणी शिकवत निवृत्त झाले. लोक म्हणतात, जाऊ द्या, तो काळच तसा होता. मी म्हणते, काळ कुठे गादीवर बसला होता? माणसंच बसली होती.

कुंदाची परीक्षा जळगावच्या त्या खेळानंतर वर्षभरानं चाळीसगावला झाली. एक नवी मंडळी उभी राहत होती, त्यांनी तिथे एका शाळेची खोली घेतली होती. बाई आणि मी बाहेर व्हरांड्यात. बाईंचे हात रिकामे राहू शकत नसत, म्हणून त्या माझ्या पदराचा सुटलेला काठ टिपत होत्या. आतून कुंदाचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा तिचा आवाज, मग बरीच माणसं हसली. बाईंची सुई थांबली. पण ते हसणं वेगळं होतं. सासूच्या नकलेला होतं.

थोड्या वेळानं कुंदा पळत बाहेर आली. चेहरा लाल. "घेतलं! बाई, मला घेतलं! म्हणाले, तुमच्याच आवाजात."

मी तिला मिठी मारली. मला रडू येत होतं, तिलाही. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दोरा तोडला, सुई पदराला खोचली आणि विचारलं, "किती ऐकली?"

"दोन."

"दोन?"

"हो. मालक म्हणाले, पुरे, पसंत आहे."

बाईंचा चेहरा बदलायला लागला. तो मला पाठ होता. "दोनच? वर्षभर पोरीनं काय दोनच बसवली का? आणि पाळणा? ऐकलाच नाही? असं कसं पसंत करतात हे, न ऐकता?"

"बाई, घेतलं ना तिला," मी त्यांचा हात धरत म्हटलं. "आता कशाला?"

त्यांनी हात सोडवून घेतला, दार ढकललं आणि आत गेल्या. "पान खाली ठेवा," त्यांचा घोगरा आवाज व्हरांड्यात आला. "बठ्ठा गाना आयकना पडतीन! सगळी!"

आत खुर्च्या सरकल्या. कुणीतरी काही समजावू लागलं, ते अर्ध्यावर तुटलं. कुंदानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ती पुन्हा आत गेली. मग पेटी सुरू झाली.